शाळेची यादी बावीस हजारांची, हातात बारा. कात्री कुठे लावू?

धायरीची आई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही पुण्यात धायरीला राहतो, दोन मुलं, मोठी आता सहावीत जाईल आणि धाकटा दुसरीत, शाळा एकच, सीबीएसई. १५ जूनला शाळा सुरू होतेय आणि परवा व्हॉट्सॲपवर यादी आली. मी ती रात्री जेवणं झाल्यावर कागदावर मांडली आणि मग झोपच लागली नाही.

तर ऐका. मुलीचा पुस्तक-वह्यांचा सेट ६२००, मुलाचा ४३००. युनिफॉर्म दोन-दोन जोड, मुलीचे २२०० आणि मुलाचे १७००, वर पीटीचे कपडे ७५० आणि ६५०. हे सगळं शाळेतल्या काउंटरवरूनच. मग काळे बूट, पांढरे बूट दोघांचे धरून २३००, दप्तरं १८००, रेनकोट हजार, आणि डबे बाटल्या कंपास रंग असलं किडुकमिडुक दीड हजार. बेरीज २२,४००. फीचा पहिला हप्ता नुकताच भरलाय, त्यामुळे या महिन्यात मी जास्तीत जास्त बारा हजार काढू शकते, त्याच्यावर एक रुपया नाही, क्रेडिट कार्डाला हात लावायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय कारण मागच्या वर्षीचं तेच पुढे दिवाळीपर्यंत पुरलं होतं.

विचारायचं हे की पूर्ण सेट घ्यावाच लागतो का, युनिफॉर्मवर काही वाचवता येतं का, आणि लक्ष्मी रोड, अप्पा बळवंत (अ. ब.) चौक वगैरेला जाऊन खरंच फरक पडतो की नुसतं पेट्रोल आणि उसाचा रस एवढंच होतं? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा. "मराठी शाळेत का नाही घातलं" हा विषय कृपया नको, त्याचे वेगळे धागे आहेत.

पेठेतला बोका

रविवार पेठेत स्टेशनरीच्या होलसेल दुकानात चौदा वर्षं काढलीत मी. आता वेगळा धंदा आहे, त्यामुळे ही जाहिरात समजू नका. वह्यांपुरतं बोलतो.

सेटमधल्या वह्या बहुतेक वेळा छापील किमतीला लावतात. त्याच वह्या तुम्ही डझनाने घेतल्या तर होलसेलवाला २०-२५ टक्के सहज सोडतो, फक्त डझन घ्या, तीन-चार वह्या मागायला गेलात तर तो तुमच्याकडे बघणारही नाही. शेजारची एखादी आई बरोबर घ्या, डझन वाटून घ्या.

दुसरी गोष्ट, पेज आणि पान यात लोक फार गंडतात. १७२ पेजची वही म्हणजे ८६ पानं. किंमत बघताना पेजने भागा. १७२ पेजची वही ५५ ला असेल तर पेजला ३२ पैसे पडतात, ९२ पेजची ३८ ला असेल तर ४१ पैसे. म्हणजे जाड वही स्वस्त. पण थांबा, जीके, मूल्यशिक्षण, कॉम्प्युटर असल्या विषयांना मुलं वर्षभरात तीस पानंसुद्धा भरत नाहीत, तिथे जाड वही घेतलीत तर निम्मी कोरी राहते आणि वाचवलेले नऊ पैसे गेले चुलीत. गणित-विज्ञानाला जाड, बाकी पातळ.

कागद बघायची आमची पद्धत सांगतो. खिशात जेल पेन ठेवायचं, नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन ओळी खरडायच्या आणि पान उलटायचं. मागे उमटलं की त्या वहीच्या दोन्ही बाजू वापरता येत नाहीत, मग ती कितीही स्वस्त असली तरी दुप्पट महाग. साध्या वह्यांचा कागद ५४ ते ६० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) असतो, पेन्सिलीवाल्या दुसरीच्या मुलाला तो भरपूर झाला, जेल पेनवाल्या सहावीला मात्र बघून घ्या.

आणि हो, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा १२ टक्के जीएसटी शून्य झालाय, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर यांवरही शून्य. कंपासपेटीवर ५ टक्के आहे. तेव्हा त्याआधी छापलेल्या किमतीचा जुना माल कुणी पूर्ण किमतीला देत असेल तर हटकायचं.

जाताना शनिवार-रविवार टाळा. जूनच्या पहिल्या दोन रविवारी अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदार भावाचं बोलायच्या मूडमध्ये नसतात. मंगळवार-बुधवार सकाळी अकराला जा. गाडी आणूच नका, धायरीहून बसने स्वारगेट, तिथून मेट्रोने एकच स्टेशन मंडई, आणि मग पायी. तुळशीबाग, अ. ब. चौक, बोहरी आळी सगळं चालत होतं.

एक शेवटचं, धाकट्याच्या वहीची रेघ बाईंना विचारल्याशिवाय घेऊ नका. चार रेघी, दुरेघी, चौकटी, त्यातही लहान चौकट मोठी चौकट. उघडलेलं पाकीट कोणी परत घेत नाही.

सूर्याची पिल्ले

सेट पूर्ण घ्यावा लागतो का, याचं उत्तर: नाही. अमुकच दुकानातून किंवा शाळेतूनच साहित्य घ्या अशी सक्ती शाळेने करू नये असा राज्य सरकारचा जीआर आहे, जून २००४ चा. पण खरं सांगू का, जीआरची झेरॉक्स घेऊन मुख्याध्यापिकेच्या केबिनमध्ये एकटीने जाऊ नका. आम्ही आधी तसंच केलं आणि उत्तर आलं, "सक्ती कुठे आहे, आम्ही तर सोय केलीये." दुसऱ्या वर्षी आठ-दहा पालकांनी मिळून एक साधं पत्र दिलं: आम्हाला सेटची फोड द्या, कुठलं पुस्तक, कुठल्या प्रकाशनाचं, कुठली वही किती. भांडण नाही काही नाही. फोड मिळाली आणि सगळं तिथेच उघडं पडलं.

सीबीएसई म्हणताय तर सेटमध्ये एनसीईआरटीची पुस्तकं किती आणि खासगी प्रकाशनांची किती हे आधी बघा. एनसीईआरटीचं पहिली ते आठवीचं पुस्तक ६५ रुपयांना एक असं मिळतं. सेट सहा हजाराचा होतो तो बाकीच्या वर्कबुक आणि ॲक्टिव्हिटी किटमुळे.

जुनी पुस्तकं घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. एनसीईआरटीची सहावीची पुस्तकं २०२४ ला बदलली. त्यामुळे जी मुलगी आत्ता सातवीत किंवा आठवीत गेलीये तिची चालतील, नववीत गेलेल्याची नाही. चौथी, पाचवी, सातवी, आठवीची २०२५ ला बदलली. नात्यातल्या कुणीतरी प्रेमाने जुना गठ्ठा देतं आणि घरी आल्यावर कळतं की एकही धडा जुळत नाही, आमच्याकडे झालंय असं. आणि पुस्तक हातात येईपर्यंत अडलं तर एनसीईआरटीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहेतच.

स्पष्टवक्ता पुणेकर

मला एक कळत नाही. लाखभर फी भरणार, मुलांचे वाढदिवस हॉलमध्ये करणार, आणि वहीच्या नऊ पैशांसाठी मंडईत मेट्रोने जाणार. झेपत नव्हतं तर ती शाळा घ्यायची कशाला? कटू वाटेल पण खरं आहे.

धायरीची आई

@स्पष्टवक्ता, वाढदिवस घरात होतात, बटाटेवडे मी तळते, आणि फी लाखभर नाहीये, पण ते असो. तुमच्या कटू सत्याने माझे दहा हजार चारशे कमी होत नाहीयेत म्हणून पुढे जाते.

@बोका, @सूर्याची पिल्ले, खूप खूप आभार. पेज-पानाचं मला खरंच माहीत नव्हतं. आज संध्याकाळी एक केलं, दोघांची मागच्या वर्षीची दप्तरं चटईवर ओतली. अहो काय काय निघालं! सतरा पेन्सिली, त्यातल्या अकरा अर्ध्याहून मोठ्या, पाच खोडरबर (दोन आमचे नाहीतच, कुणाचे कोण जाणे), एक कंपास ज्यात कोनमापक सोडून सगळं आहे, चिक्कीचे कागद, एक सुकलेली कैरीची फोड, आणि सहा वह्या अशा की ज्यांची निम्मी पानं कोरी. यादीतलं ते दीड हजाराचं किडुकमिडुक निम्मं घरातच होतं. मिस्टर म्हणाले आधी हे करायचं असतं आणि मग रडायचं असतं.

युनिफॉर्मवर कुणी सांगेल का?

सुईदोरा

मी सांगते. कर्वेनगरला घरीच शिवणकाम करते, मे-जूनला माझ्याकडे निम्मं काम शाळेच्या कपड्यांचंच असतं.

काउंटरवर युनिफॉर्म हातात आला की किंमत नंतर, आधी तो उलटा करून बघा. स्कर्टला खाली दुमड किती सोडलीये? हल्ली रेडिमेडला अर्धा-पाऊण इंच असते, म्हणजे पुढच्या वर्षी सोडायला काही उरतच नाही. तेच दोन-अडीच इंच दुमड असली की एक स्कर्ट दोन वर्षं आरामात जातो. पँटचं पण तेच, खाली दुमड आणि मागे कमरेच्या शिवणीत आत कापड आहे का ते चाचपून बघा. साइज एकच नंबर मोठी घ्या. दोन नंबर मोठी घेतली की मूल पहिलं वर्ष गबाळं दिसतं आणि दुसऱ्या वर्षापर्यंत कापडच विटतं, म्हणजे बरोब्बर मापात यायच्या वेळी कपडा संपलेला.

मुलीचा मागच्या वर्षीचा स्कर्ट टाकू नका. उसवणीने दुमडीचे टाके काढा, कात्रीने नको, कापड कापलं जातं. दुमड सोडली की जुन्या घडीवर एक फिकट रेघ दिसते, त्यानेच सगळे घाबरतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून फडकं भिजवा, पिळून त्या रेघेवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा, दोन-तीन वेळा. आधी आतल्या कोपऱ्यावर करून बघा रंग जातो का ते. तरी रेघ राहिलीच तर त्याच रेघेवर त्याच रंगाच्या दोऱ्याने गोल दोन टिपा मारून टाकायच्या, मुद्दाम केल्यासारखं दिसतं. माझ्या लेकीने असा स्कर्ट घातला तर वर्गातल्या एकीने विचारलं की ही नवीन फॅशन आहे का.

शर्टाचं म्हणाल तर अंगाचं कापड धडधाकट असतं आणि कॉलरच आधी झिजते. कॉलर उसवून उलटी करून परत लावतात, आमच्या आयांना हे माहीत होतं, आता कुणी विचारतच नाही. अर्ध्या तासाचं काम.

आणि एक. पैसे वाचवायचे म्हणून शर्ट कमी घेऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात दोरीवरचा शर्ट दोन-दोन दिवस दमट राहतो आणि सकाळी सहाला तुम्ही तो इस्त्रीने वाळवत बसता, मी बसलेय. शर्ट तीन हवेत, स्कर्ट-पँट नवी एक आणि जुनी एक चालते. काउंटरवाले जोडच देतात, सुटा शर्ट देत नाहीत असं म्हणतात, पण विचारून तर बघा, मागितल्यावर मिळतो हा माझ्या गिऱ्हाइकांचा अनुभव.

पावसातला बाप

बुटांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जूनमध्ये काळे बूट घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे आणि आपण सगळे तो दर वर्षी करतो. १५ जूनला कोरे करकरीत बूट, २५ जूनला त्यात पाणी, मग त्यात वर्तमानपत्र कोंबा, फ्रिजच्या मागे ठेवा, पंख्याखाली ठेवा, आणि गणपतीपर्यंत सोल बाहेर. पावसाळ्यात सँडल किंवा फ्लोटर घालायला बऱ्याच शाळा परवानगी देतात, डायरीत किंवा सर्क्युलरमध्ये कुठेतरी बारीक अक्षरात असतं. नसेल तर बाईंना एक चिठ्ठी. बूट दसऱ्यानंतर घ्या, तोवर पायही अर्धा नंबर वाढलेला असतो.

आता जुन्या वस्तूंबद्दल थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी तीन भावांत धाकटा. पँटा दादाच्या, स्वेटर मधल्याचा, पुस्तकं तर विचारूच नका. त्याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही, सगळ्यांचं तसंच असायचं. पण कंपासपेटी. तिच्या झाकणावर दादाने करकटकाने स्वतःचं नाव कोरलं होतं, चांगलं खोल. मी ते ब्लेडने खरवडायला गेलो तर रंग निघाला आणि तिथे पावसाळ्यात गंज धरला, आणि पाचवी ते सातवी मी ती पेटी बाकावर पालथी ठेवायचो. वडिलांना कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते काय होतं. तेव्हा ताई, सगळं जुनं वापरा, खुशाल वापरा, पण प्रत्येक पोराला एक वस्तू कोरी आणि त्याच्या पसंतीची घ्या. कुठली ते त्यालाच ठरवू दे, फक्त आधी आकडा सांगा. आमच्याकडे पोरगी दर वर्षी पाण्याची बाटली निवडते आणि बाकी कशावर हट्ट करत नाही. तीनशे रुपयांत सुटतो मी.

खडू-फळा

मी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या पोरांना पाठ्यपुस्तकं आणि गणवेश मोफत असतात त्यामुळे हा प्रश्न तसा आमचा नाही, गणवेशाचं मात्र २०२४-२५ ला राज्यभर एकच असं निघालं होतं, मग पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलं. मध्ये दोन वर्षं बालभारतीने पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली होती, तीही आता बंद झालीत, त्यामुळे राज्य मंडळाच्या पालकांनी वह्यांचा खर्च परत धरावा.

लिहायचं कारण दप्तर. दुसरीच्या मुलाला मोठं दप्तर घेऊ नका, "चार वर्षं टिकेल" म्हणून तर अजिबातच नाही. केंद्राच्या २०२० च्या धोरणात पहिली-दुसरीला भरलेलं दप्तर १.६ ते २.२ किलो एवढंच धरलंय, साधारण मुलाच्या वजनाच्या दहा टक्के. आणि दुकानात ती कार्टूनचं टणक तोंड पुढे आलेली जी दप्तरं असतात ना, त्यातली काही रिकामीच किलोभर भरतात. घ्यायच्या आधी नुसतं एका बोटावर उचलून बघा. आणि कप्पे जितके जास्त तितका कचरा जास्त, हे तर ताईंनी चटईवर बघितलंच आहे. चेन बिघडली म्हणून दप्तर टाकू नका, बहुतेक वेळा फक्त रनर गेलेला असतो, चप्पल शिवणारा बसवून देतो.

भिशीवाली

माझं थोडक्यात. जून दर वर्षी जूनमध्येच येतो, तरी आपल्याला दर वर्षी धक्का बसतो. आमच्या ऑफिसात बारा जणींची भिशी आहे, हजार रुपये महिना, बाकी सगळ्या चिठ्ठ्या टाकतात पण मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की मे महिना माझा, मला दुसरा नको. दिवाळीचा नंबर सगळ्यांना हवा असतो, मे कुणालाच नको असतो, त्यामुळे भांडण नाही. मेमध्ये बारा हजार एकगठ्ठा हातात. बँकेत आरडी टाकली तरी तेच, थोडं व्याज सुटतं वर, पण मी आरडी मोडते हो, भिशी मोडता येत नाही, सगळ्या जणी बसल्यात समोर.

दुसरं, या वर्षीचा कागद फाडू नका. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. कुठली वस्तू कधी घेतली, किती टिकली, नुसतं पेनने लिहायचं. मला तीन वर्षांनी कळलं की आम्ही दर वर्षी पांढरे बूट घेतो आणि मुलगा ते आठवड्यातून एकदाच घालतो.

स्पष्टवक्ता पुणेकर

बुटांचं पटलं. बाकी माझं मत तेच.

धायरीची आई

मंडळी, दोन आठवड्यांनी येतेय. शाळा सुरू झाली, वेळ झाला म्हणून आधी माफी.

हिशेब देते कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत. सेटची फोड मागायला आम्ही सात जणी गेलो, फार काही बोलावं लागलं नाही, ऑफिसातल्या ताईंनी प्रिंट काढून दिली, बहुतेक आधीही कुणीतरी मागितली असणार. मुलीची एनसीईआरटीची पाच पुस्तकं बाहेरून ३२५ ला आली, म्हणजे अक्षरशः एका हॉटेलच्या बिलात, आणि बाकी खासगी पुस्तकं काउंटरवरून १९०० ची घ्यावी लागली. मुलाची लिहायची वर्कबुकं आहेत, तिथे जुनं चालत नाही, ती २६००. वह्या शेजारणीबरोबर डझनाने, माझ्या वाट्याचे १३५०. बोका, पेन घेऊन गेले होते! दुकानदार हसला आणि म्हणाला, "ताई, कुणी शिकवलं?"

आणि एवढं करून मी माती खाल्लीच. बाईंना फोन लागला नाही म्हणून धाकट्यासाठी एक डझन चार रेघी घेतल्या, पाकीट रिक्षातच फोडलं, आणि शाळेत गेल्यावर कळलं की यंदा दुरेघी. ४२० रुपये पाण्यात. आता त्या वह्या सासूबाईंनी रामनामासाठी घेतल्यात, म्हणाल्या वर्षभराची सोय झाली.

युनिफॉर्म मुलीचा एक नवीन ११००, मागच्या वर्षीच्या स्कर्टची दुमड सोडून घेतली १२० ला, व्हिनेगरने रेघ बरीच गेली, सुईदोराताई. तिचे पीटीचे कपडे सोसायटीतल्या आठवीतल्या मुलीचे बसले. मुलाचा एक नवा जोड ८५०, एक वरच्या मजल्यावरच्या तिसरीतल्या मुलाचा, आणि पीटी नवा ६५०. सुटे शर्ट मागितले, नाही म्हणाले, परत मागितले, पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, म्हणजे मिळतील. पावसाळी सँडल दोघांच्या ७००, बूट दसऱ्यानंतर, सर्क्युलरच्या चौथ्या पानावर खरंच लिहिलेलं होतं. मुलीच्या दप्तराला नवा रनर ८० रुपये. मुलाचा रेनकोट ४५०. कोनमापक, रंग, ब्राऊन पेपरचा रोल असं सगळं ३७०. रोल शेवटच्या तीन पुस्तकांना कमी पडला तर जुन्या कालनिर्णयची पानं उलटी करून घातली, कुणी काही म्हटलेलं नाही अजून.

नवीन वस्तू निवडायची पाळी आली तेव्हा मुलगी म्हणाली मला आत्ता काही नको, बूट घेताना माझ्या पसंतीचे घ्या (कठीण दिसतंय), आणि धाकट्याने दप्तर निवडलं, साडेसातशेचं, निळं, पुढे डायनोसॉर. मी बोटावर उचलून बघितलं खडू-फळा सर, हलकं आहे. रात्री ते उशाशी घेऊन झोपला.

एकूण ११,६६५. बारात बसलं, पण बूट आणि मुलीचा दुसरा जोड पुढे ढकललाय हे मला माहितीये, तो खर्च संपलेला नाही, नुसता ऑक्टोबरात गेलाय. भिशीला नाव घातलंय.

आता एकच अडलंय. मुलीचं शाळेतलं हाऊस, म्हणजे गट, बदललं, लाल होतं ते निळं झालं, काउंटरवर तो टी-शर्ट ४८० ला आहे आणि तो फक्त शनिवारी घालायचा. कुणाकडे निळा, ३२ साइज, पडलेला आहे का?

सुईदोरा

आहे. एक गिऱ्हाईक अल्टरला टाकून गेली ती परत आलीच नाही, परवा फोन केला तर म्हणाली द्या कुणाला तरी. तुमच्याच शाळेचा निघाला तर बघा, नाहीतर लोगो काढून देते. ३४ आहे, बाजूने आत घेईन. खिशाखाली एक वरणाचा डाग आहे, तो मात्र दोनदा धुऊनही गेला नाही. कर्वेनगरला दुपारी चारनंतर या, येताना मुलीला आणा मापाला.